गोळीचा गाल

मोहिनीने चौदावं काडतूस व्हर्नियरच्या जबड्यांत धरलं आणि आकडा वाचायच्या आधी डोळे मिटून घेतले. मग हळूच उघडले. सत्तर पूर्णांक त्र्याऐंशी मिलिमीटर. हवं होतं एकाहत्तर पूर्णांक बारा.

तिने ते डावीकडच्या ओळीत ठेवलं. डावीकडे आखूड आलेली सहा झाली. उजवीकडे लांब आलेली पाच. मधे, बरोबर म्हणावीत अशी तीन. चौदात तीन! अंबडच्या कंपनीत असा लॉट आला असता तर तिने अख्खं खोकं लाल पट्टी लावून परत पाठवलं असतं आणि खुशाल चहा प्यायला गेली असती. पण तिथे ती पंपाचे दांडे तपासायची, आणि पंपाच्या दांड्याला कोणी गाल लावून झोपत नाही.

उद्या सकाळी आठ वाजता चांदवडच्या डोंगराखालच्या मैदानावर तिला रायफलीच्या दस्त्याला गाल लावायचा होता. राज्याच्या संघाची निवड. साठ फैरी. आणि ती साठही काडतुसं तिच्या वडिलांनी, मोतीरामांनी, आपल्या हाताने भरलेली होती.

सगळी भीती त्या हाताचीच होती. मोतीराम फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या या रायफल क्लबात लागले आणि क्लबच्या परवान्यावर तिथल्या प्रेसवर काडतुसं भरू लागले. त्यांच्या हातची काडतुसं मिळावीत म्हणून चांगले चांगले नेमबाज त्यांच्या मिनतवाऱ्या करायचे. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. ओझरताच होता, पण उजवा हात कापायला लागला तो लागलाच. कपातला निम्मा चहा बशीत आणि उरलेला सदऱ्यावर. मार्चमध्ये ते कामावर परतले तेव्हा क्लबात पेढे वाटले गेले. मोहिनीने आपला पेढा तसाच रुमालात बांधून ठेवला.

काडतूस आखूड म्हणजे गोळी पुंगळीत जास्त आत गेलेली. आत जागा कमी उरते, दारू पेटली की दाब भलतीकडेच चढतो. हे तिने पुस्तकात वाचलं नव्हतं, क्लबातल्या सुनील गांगुर्डेच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. कोणीतरी घाईत भरलेलं एकच काडतूस, आणि त्याचा उजवा डोळा गेला. नंतर महिनाभराने तो काळा चष्मा लावून क्लबात आला, बाकावर बसला आणि ज्याला त्याला विचारत राहिला, तुझे किती गुण झाले? मोहिनीने त्याला आपले गुण सांगितले होते.

"किती आली कमी?"

ती दचकली. हातातलं काडतूस टेबलावर घरंगळलं. दारात मोतीराम उभे होते.

"बाबा, तुम्ही जेवायला गेला होतात ना?"

"जेवण काय पळून जातंय का? किती?"

"सहा आखूड. पाच लांब." तिचा आवाज चिरकला. "चौदात, बाबा."

त्यांनी तीन ओळींकडे पाहिलं. "कुठून मोजली?"

"कुठून म्हणजे? बुडापासून टोकापर्यंत."

मोतीराम हसले. मोहिनीला असा राग आला की क्षणभर तिची भीतीही गेली.

"टोकाला काय विचारती? टोक कारखान्यातनंच वेडंवाकडं येतं. उजेडात धर नं जरा."

तिने दोन काडतुसं खिडकीपाशी नेली. खरंच की. एका गोळीचं टोक किंचित दातरलेलं, दुसरीचं बोथट. इतके दिवस बघूनही तिला ते दिसलं नव्हतं.

"मी टोकाला हातच लावत नाय," मोतीराम स्टुलावर बसत म्हणाले. "प्रेसचा दट्ट्या गोळीला गालावर दाबतो. हा बघ, जिथनं ती निमुळती व्हायला लागती तो गाल. बंदुकीत बी ती गालावरनंच बसती. मंग माप कुठं घ्यायचं?"

त्यांनी खिशातून एक लांबट नट काढला. आतलं भोक लेथवर गुळगुळीत करून घेतलेलं. तो त्यांनी काडतुसावर टोपी घालावी तसा घातला. टोक नटाच्या पोटात गडप झालं आणि नट गालावर अडला.

"आता मोज."

नटाच्या उंचीसकट ऐंशी पूर्णांक चौऱ्याण्णव. दुसरं. ऐंशी पूर्णांक चौऱ्याण्णव. तिसरं, चौथं. पाचवं पंचाण्णव, सहावं पुन्हा चौऱ्याण्णव. तिने चौदाही मोजली. मग डब्यातून डोळे मिटून चार उचलली, तीही मोजली. कंपनीत नव्याकोऱ्या यंत्रावर धडधाकट पोरांना जमत नाही असं काम त्या कापऱ्या हाताने केलं होतं.

"सुटले!" ती मोठ्याने म्हणाली. म्हणेपर्यंत तिला ते खरंही वाटत होतं.

मग तिने मनातल्या मनात उद्याचे आठ वाजवून पाहिले. मैदान, चटई, दस्ता. दस्त्याला लागलेला गाल. आकडा बरोबर आला होता आणि भीती तसूभरही हलली नव्हती. तेव्हा तिला कळलं आणि कळताक्षणी लाज वाटली, की लांबीला ती कधी भ्यालीच नव्हती. महिनाभर तिने या माणसाला चमच्याने दहीभात भरवला होता. त्याच्या सदऱ्याची बटणं लावली होती. त्या हातावर तिचा विश्वासच उरला नव्हता, आणि व्हर्नियर तिने आणला होता तो फक्त ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून वदवून घ्यायला.

मोतीराम तिच्याकडे बघत होते.

"अजून भ्याव वाटतंय व्हय?"

"नाही." ती जरा घाईनेच बोलली.

"भ्याव असलं तर चापाला बोट लावू नये. फौजेत बी नाय लावू देत."

"नाही वाटत म्हटलं ना, बाबा!"

ते पुढे काही बोलणार तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी यादव साहेब नोंदवही घेऊन आत आले. चांदवडला कोण कोणती काडतुसं नेणार याची नोंद आजच व्हायची होती.

"काय मोहिनी, झाली तयारी? वडलांचीच काडतुसं ना? लिहून टाकतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मोहिनीला हो म्हणायचं होतं. नुसतं हो.

"नाय साहेब," मोतीराम म्हणाले. "तिला कारखान्यातनं भरून आलेली विलायती लिहा. ही कमी-जास्त झाली. तिनं मोजली आत्ता."

यादव साहेबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "मोजलीस तू?"

"हो." एवढं खरं होतं.

"मग?"

तिच्या मुठीत नट होता, घामाने ओला झालेला. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, मी टोकावर मोजली, चूक माझी. वाक्य तिने मनात जुळवलंही. पण त्या वाक्याच्या मागोमाग उद्याचे आठ यायचे होते, आणि पहिली फैर.

"ती काय सांगणार, बापाचं हाय," मोतीराम म्हणाले. "टेबलावर बघा नं."

टेबलावर तीन ओळी होत्या. डावीकडे सहा, उजवीकडे पाच, मधे तीन. तिनेच लावलेल्या.

यादव साहेबांनी तीनही ओळी बोटाने मोजल्या. मग खाली बघत म्हणाले, "काका, तसं असेल तर प्रेसची किल्ली मला घ्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका. बाकीच्या पोरांच्या जिवाचाही प्रश्न आहे."

मोतीरामांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. एवढं त्यांनी हिशेबात धरलं नसावं. किंवा धरलंही असेल. त्यांनी कंबरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"इथे सही करा. किल्ली परत केल्याची."

त्यांनी उजव्या हातात पेन घेतलं आणि डाव्या हाताने मनगट धरलं. तरी सही ओळीवरून वर चढली, मग खाली घसरली, आणि शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात गेलं. यादव साहेब ती सही बघत राहिले. त्यांच्या मनात उरलीसुरली शंका असलीच तर ती तिथे फिटली.

"बरं झालं, वेळेवर कळलं," त्यांनी वही मिटली. "मोहिनी, तुला अजून काही सांगायचंय का?"

मोहिनीने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या तीन ओळी एकत्र करून काडतुसं एकेक करत डब्यात परत ठेवत होते.

"मी विलायती डबा काढून आणते," ती म्हणाली.