सात नंबरच्या प्रेसची फाईल

चाकणच्या एका कारखान्यात मिनल पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनांचे प्रोग्राम सांभाळायची. त्या सोमवारी तिच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा नवा एडिटर टाकला आणि डावीकडच्या फाईलींच्या यादीत भलताच पसारा दिसायला लागला. टिंबानं सुरू होणारी नावं. एरवी लपून राहणाऱ्या तात्पुरत्या फाईली. कुणी बदल करत असताना कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की मागं राहतात त्या.

कचरा म्हणून ती एकेक पुसायला बसली. तिसरी पुसण्याआधी सहज उघडली, आणि तिचा हात थांबला.

सात नंबरच्या प्रेसची फाईल होती ती. त्याच प्रेसखाली पंधरा दिवसांपूर्वी समाधान नावाच्या कामगाराची चार बोटं गेली होती. सुरक्षा सेन्सर चालूच होता, समाधाननंच हयगय केली, असं चौकशीत ठरलं होतं. या फाईलमध्ये मात्र सेन्सर बंद केलेला होता; अपघातानंतर मूळ प्रोग्राममध्ये तो गुपचूप परत चालू केला असणार. तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची. बदल करणाऱ्याचं नाव प्रॉडक्शनच्या विलास साहेबांचं.

मिनल तडक मॅनेजरकडे गेली. जयदीप सर तिला सरळ माणूस वाटायचे.

"सर, समाधानची चूक नव्हती. चला, दाखवते."

सरांनी तिच्या खुर्चीमागं उभं राहून सगळं वाचलं. "अजून कुणाला बोललीस?"

"नाही सर. आधी तुम्हालाच."

"चांगलं केलंस. आता माझ्यावर सोड."

जेवून परत आली तर यादी स्वच्छ. टिंबाची एकही फाईल नाही. ती धावत सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी मान वर केली नाही. "कसली फाईल?" म्हणाले.

संध्याकाळी ती समाधानच्या खोलीवर गेली. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातानं त्यानं तिला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"फोटो तरी काढायचा, ताई."

"मोबाईल गेटवर जमा करतात."

"मग कागदावर छापून घ्यायचं."

प्रिंटर तिच्या टेबलापासून चार पावलांवर होता. तिचे वडील भीमराज जन्मभर कामगार. त्यांच्या पोरीला एवढं सुचू नये?

"आधी माझ्याकडं यायचं ना," समाधान म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मिनलनं कंपनीकडे लेखी जबाब दिला. पुरावा मागितला, नव्हता. महिन्याभरात समाधानला काढलं. त्या दिवशी तिनं राजीनामा लिहिला, दोनदा वाचला, आणि दिला नाही.