धन्याच्या हातात हात

एस्तेव्हाव हा आमच्या सामुराई धन्यांचा फिरंगी गोलंदाज आणि मी त्याचा दुभाषा. नऊ वर्षं आम्ही एका चुलीवरचं जेवलो. त्याच्या मुलखातल्या सरदारांच्या गोष्टी ऐकून मला वाटायचं, एवढा समुद्र ओलांडूनही माणसाने नवीन काही शोधलेलं नाही. धन्याने जमीन द्यायची, चाकराने तलवार चालवायची आणि शेतकऱ्याने दोघांना पोसायचं. फरक होता, पण तो मला फार उशिरा कळला.

धनी मुनेचिका छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. एस्तेव्हाव भेटायला गेला, गुडघे टेकून बसला आणि आपले दोन्ही जोडलेले हात त्याने धन्यांच्या हातांत ठेवले. म्हणाला, "मी तुमचा माणूस. यापुढेही राहीन." मी शब्द न् शब्द सांगितला. धन्यांचे डोळे भरून आले.

"दिली परवानगी," ते म्हणाले.

मरणाऱ्या धन्यापुढे असा गुडघे टेकणारा चाकर आमच्याकडे एकच गोष्ट मागतो: तुमच्या मागोमाग पोट चिरून येण्याची परवानगी. एस्तेव्हाव मागत होता नोकरी. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो. भ्यालो, दुसरं काही नाही.

चौथ्या दिवशी धनी गेले. सकाळीच एस्तेव्हावच्या दारात पोट चिरताना घालायचे पांढरे कपडे पोचले.

"हे कशाला रे, योहेई?"

मी सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे गाढवा, आमच्याकडे धनी मेला की शपथ सुटते! मग मुलाच्या हातात हात द्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचं!"

"पळ. बंदरात गलबत उभं आहे."

"आणि तुझं काय? मी पळालो की दोष तुझ्यावरच येणार."

मी त्याचं बोचकं बांधायला घेतलं. मला शिव्या देतच तो उठला आणि मला ओढत गढीवर घेऊन गेला. सगळ्यांदेखत त्याने धाकट्या धन्यांपुढे जोडलेले हात धरले. मी खरं ते सगळं सांगून टाकलं, माझ्या गप्प बसण्यासकट.

"वडिलांनी परवानगी दिली होती," धाकटे धनी म्हणाले, "हुकूम नव्हे." आणि त्यांनी ते हात आपल्या हातांत घेतले.

बाहेर पडताना म्हातारा शिलेदार गोन्झाएमोन पचकन थुंकला. "फिरंगी तो फिरंगीच! जिवाला भ्याला."

"काका," मी विचारलं, "तुम्ही मागितली होती का परवानगी?"

तो आपले जोडे शोधू लागला. आम्ही बेचाळीस जण ओळीने त्या अंथरुणापाशी जाऊन आलो होतो. कुणीही मागितली नव्हती. एक जण तरी सोबत येतोय, या समाधानात धनी गेले. त्याची मला अजून लाज वाटते.