शांतादेवीच्या निऱ्या

परळीच्या बाजारात महारुद्रआप्पांइतकी झकास साडी कुणी नेसत नसे, बायकासुद्धा नाही. आपल्या साडीच्या दुकानात ते धोतरावरच इरकल गुंडाळून, निऱ्या घालून, पदर खांद्यावर टाकून असे उभे राहत की नवरीची आई मुकाट्याने पैसे काढी.

घरी मात्र त्यांची बायको शांतादेवी वर्षभर गाऊनवर होती. आमवाताने तिची बोटं सुजून वाकडी झालेली. निऱ्या चिमटीत धरणं लांबच, परकराची नाडीही बांधता येईना. शेजारच्या छबुबाईने एकदा साडी नेसवली आणि संध्याकाळपर्यंत "बिचारीचे हात गेले" म्हणून गल्लीभर सांगून आली. तेव्हापासून शांतादेवीने घर सोडलं नव्हतं. नव्या जमान्याने घरोघर केबल आणली, गाऊन आणले, पण गाऊनवर लग्नाला जायची सोय काही आणली नव्हती. आणि आता बीडला सख्ख्या भाचीचं, शिवकन्येचं लग्न होतं.

"मी नेसवतो की," आप्पा म्हणाले. "रोजचं काम हाय माझं."

रोजचं काम स्वतःच्या अंगावरचं होतं, हे तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. सगळं डावं-उजवं झालं आणि पदर उजव्या खांद्यावर जाऊन बसला.

"मारवाड्याच्या घरी द्यायचंय का मला?" शांतादेवीने विचारलं.

शेवटी वैतागून आप्पा तिच्या मागे गेले, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतले आणि आरशात बघत, स्वतःलाच नेसवल्यासारख्या निऱ्या घातल्या. इतक्या वर्षांच्या संसारात भर दिवसा ते तिच्या एवढं जवळ कधी उभे राहिले नव्हते. त्यांना उगाचच लाजल्यासारखं झालं.

"कुणाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या हातांचं बी अन् तुमच्या हातांचं बी."

मांडवात ती हात पदराखाली घेऊन बसली. बायका निऱ्यांचं कौतुक करत होत्या आणि पुरुषांकडे बसलेले आप्पा आतल्या आत फुगत होते. मंगलाष्टकांना सगळे उभे राहिले, तेवढ्यात मागून कुणाचा तरी पाय तिच्या साडीवर पडला. निऱ्या सुटल्या. शांतादेवीने मनगटांनी साडी पोटाशी दाबून धरली, पण बोटं काही मिटेनात. तिने आप्पांकडे पाहिलं. ती रडायच्या बेतात होती.

चारचौघांत बायकोला साडी नेसवली तर बीडपासून परळीपर्यंत काय शोभा होईल, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते बायकांच्या घोळक्यात घुसले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. समोरून पुन्हा सगळं उलटंच जमू लागलं. मग मनाचा हिय्या करून ते उठले, तिच्या मागे गेले आणि भर मांडवात दोन्ही हात तिच्याभोवती घातले.

मंगलाष्टकं म्हणणारे स्वामी ओळ विसरले. धुळाजी नावाचा एक सोयरा म्हणाला, "आप्पा, हे घरी करा की."

मांडवात खसखस पिकली. आप्पांचे कान तापले, हात जागीच थांबले. शांतादेवीने मात्र पोटाशी दाबलेले हात काढले आणि वाकडी बोटं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

"माझे हात चालत न्हाईत, धुळाजी. म्हणून यांचे वापरते," ती म्हणाली. मग मान न वळवता नवऱ्याला म्हणाली, "तुमी काऊन थांबले? लग्न खोळंबलंय तिकडं."