पाखऱ्याची घंटी

बनुबाई वाटेकडेच्या विहिरीत पडली, तेव्हा तिचा नवरा नाथाजी शेजारच्या मळ्यात मोट हाकत होता. त्या विहिरीला कठडा नव्हता. घागर ओढताना तिचा पाय घसरला. तिनं हाक मारली असेलच, पण मोटेच्या चाकाच्या करकरीत त्याला काही ऐकू आलं नाही.

मागं राहिली आठ वर्षांची अंजना. पोरीनं शाळा शिकावी हा बनुबाईचा हट्ट होता. शाळा पलीकडच्या गावात, आणि जायला वाटा दोन. गाडीवाट डगरीमागून उंच उसातून जायची. तिथं लांडग्याची भीती, आणि पोरगी ओरडली तरी मळ्यात कळायचं नाही. पायवाट नाथाजीच्या बांधालगतची, पण त्या विहिरीच्या काठावरून. सोबत द्यायला घरात कुणी नव्हतं; भाऊ पलटणीबरोबर लढाईवर गेलेला. मोट सोडून रोज जावं, तर शाळू वाळला असता.

शेवटी त्यानं पाखऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटी सोडली आणि अंजनाच्या दप्तराला बांधली.

"पायवाटंनंच जायाचं. हिरीकडं बघायचं न्हाई. मला घंटी ऐकू याया पायजे."

पोरीनं दप्तर पाठीला लावलं आणि निघाली.

मग रोज सकाळी घंटी विहिरीवरून पुढं जायची, दिवस कलला की माघारी यायची. तेवढा वेळ तो बैलं थांबवून उभा राहायचा. आवाज पार झाला, की मोट पुन्हा चालू. हळूहळू त्याच्या घशाखाली भाकरी उतरायला लागली.

एका संध्याकाळी घंटी विहिरीवरून आली, पण घराकडं न वळता त्याच्या बांधाकडं आली. शाळूतून एक शेरडी बाहेर पडली. घंटी तिच्या गळ्यात होती. मागून काठी टेकत सुलाबाई आली. वाटांच्या फाट्यावर तिचं खोपट होतं.

नाथाजी कासरा टाकून पुढं आला.

"आत्ती, पोरगी कुटं हाय?"

"तेच इचाराया आले रं. रोज सकाळी शेरडीला घंटी बांधती, माघारी येताना सोडून नेती. तुला सांगू नगं म्हणाली हुती. आज आलीच न्हाई."

पुढचं त्यानं ऐकलं नाही. तो पळाला तो थेट विहिरीवर, आणि तशीच उडी टाकली. हाताला गाळ लागला. वर येऊन पुन्हा बुडी मारली, पुन्हा गाळ. मग हाताला गोल काठ लागला. घागर होती, बनुबाईची. माणसांनी तिला वर काढलं होतं, घागर तशीच राहिली होती. ती छातीशी धरून तो वर आला. दम संपला होता, पण त्याला पुन्हा खाली जायचं होतं.

"आबा, भाईर या."

अंजना दूर बांधावर उभी होती. काठाजवळ यायला तिचे पाय उचलत नव्हते. गुरुजींनी आज उशिरा सोडलं होतं.

तो दगडांना धरत वर आला. तो रागावला नाही. राग यायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

"मला हितनं जाववत न्हाई," ती म्हणाली. "आई हितं पडली. मी गाडीवाटंनं जाती. सुलाआजीची शेरडं हितनंच चराया जात्यात. तुमाला ऐकू यावं म्हणून बांधत हुते."

इतके दिवस तो एका शेरडीवर कान लावून बसला होता, आणि पोर एकटी उसातून जात होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं घंटी पाखऱ्याच्या गळ्यात परत बांधली. फाट्यापर्यंत अंजनाबरोबर गेला. गाडीवाटेनं जा म्हणाला. ऊस तिला झाकून घेईपर्यंत उभा राहिला, मग येऊन मोट जुंपली.

पण पाखऱ्यानं मान हलवली, की घंटी वाजायची, आणि नाथाजीचा जीव विहिरीकडं धावायचा. डगरीमागून काहीच ऐकू येत नव्हतं. अर्ध्यावर आलेली मोट त्यानं तशीच तोलून धरली. घंटीत पटक्याची चिंधी कोंबली आणि उसाकडं कान लावून उभा राहिला.