पिवळा रंग बदलेपर्यंत

भानुमतीबाईंच्या खाटेपाशी घंटी नव्हती. पूर्वी होती, भिंतीत तिच्या स्क्रूची भोकं अजून दिसत होती. आता सगळं फोनवर आलं होतं. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन पार पडल्यावर मुलगा सुदीप बंगळूरला कामावर परतला. जाण्याआधी त्यानं वडिलांच्या, शामसुंदरांच्या फोनमध्ये इस्पितळाचं ॲप घालून दिलं आणि मधुमिता सिस्टरनं ते कन्नडमधून समजावलं. काही हवं असलं की पडद्यावरचा गोल दाबायचा. तो लाल झाला म्हणजे निरोप गेला. पिवळा झाला म्हणजे कुणीतरी तो घेतला, माणूस निघाला. काम झालं की हिरवा. मात्र एकदा दाबल्यावर पुन्हा दाबायचं नाही, नाहीतर नंबर रांगेच्या शेवटी जातो.

शामसुंदरांना हे फार पटलं. त्यांचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. निळीचं काम बंद होऊन पुढं साड्यांचं दुकान आलं, तेही मिटलं, पण रंगांवरचा विश्वास काही मिटला नव्हता. पाणी मागवा, भांडं मागवा, दुखतंय म्हणून सांगा, गोल लाल व्हायचा, पिवळा व्हायचा आणि सिस्टर दारात. सिस्टरांचेही पाय वाचायचे. गळ्यातल्या फोनवर कुठं जायचं ते कळायचं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शामसुंदर तो गोल दाखवायचे.

"माझ्याकडं जन्मात कधी असं टक लावून बघितलं नाहीत," भानुमतीबाई म्हणाल्या.

"तू रंग कुठं बदलतेस?"

"बदलत होते हो. तुमचंच डोकं सदा निळीच्या पिंपात."

शेजारच्या खाटेवरच्या बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या.

त्या दिवशी जेवणानंतर भानुमतीबाईंना झोप लागेना. छातीत कसंतरी होतंय म्हणाल्या. अपचन असेल, असं दोघांनाही वाटलं. थोड्या वेळानं त्या उशीवर सरकून बसायला धडपडू लागल्या. श्वास पुरेना. शामसुंदरांनी गोल दाबला. लाल झाला, आणि लगेच पिवळा.

"घेतलं गं त्यांनी. येताहेत."

ते खुर्ची ओढून बसले, फोन तळहातावर धरून. वडिलांनी त्यांना लहानपणी हेच तर शिकवलं होतं. निळीच्या पिंपातून कापड वर येतं तेव्हा ते निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. दोरीवर घालायचं आणि दूर व्हायचं. वारा लागला की रंग आपोआप फिरतो. त्या वेळात जो उतावळेपणानं कापड चाळवतो, त्याच्या बोटांचे डाग जन्मभर राहतात. या एका गोष्टीसाठी त्यांनी चपराका खाल्ल्या होत्या. आता सत्तरी उलटली तरी पिवळं दिसलं की हात आपोआप मागं राहायचा.

भानुमतीबाईंनी त्यांची बाही धरली. ते उठून वॉर्डच्या दारापर्यंत गेले. सिस्टरांचं टेबल रिकामं होतं. पाळी बदलायची वेळ. काचेपलीकडच्या खोलीत सगळ्याजणी घोळक्यानं उभ्या राहून पेशंटांची माहिती एकमेकींना देत होत्या. काचेवर बोट वाजवावं असं त्यांच्या मनात आलं. पण निरोप तर घेतलाय. मध्येच गेलो आणि नंबर मागं पडला तर? ते परत फिरले.

"अहो," त्या म्हणाल्या. पुढचं बोलता आलं नाही.

"स्वल्प थांब. पिवळं आहे."

त्यांनी भानुमतीबाईंचा हात हातात घेतला तो धीर द्यायला. आणि नखांकडं नजर गेली. नखांच्या मुळाशी निळं चढत होतं. त्या रंगात आयुष्य गेलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. शामसुंदर फोन टाकून ओरडले, मराठीत, कन्नडात, कशातही.

मग सगळं भराभर झालं. मधुमिता धावत आली, डॉक्टर आले, तोंडावर प्राणवायू बसला, खाट चाकांवरून अतिदक्षता विभागाकडं गेली. मागून चालता चालता मधुमितानं आपला फोन पाहिला. तो निरोप पावनी सिस्टरनं घेतला होता. घेतला आणि तिची पाळी संपली. तिचा फोन टेबलाच्या खणात चार्जरला लावलेला. बाकीच्यांच्या पडद्यावर पिवळा, म्हणजे कुणीतरी तिकडं गेलेलंच आहे.

"अज्जा, आधीच हाक मारायची होती हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. शामसुंदरांना वाटलं, हिला काहीतरी बोलून सावरावं. पण खाट पुढं निघाली होती, ते तिच्यामागं गेले.

पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणी लवकर आलं असतं तर, असं शामसुंदरांनी अर्धवट विचारलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खाली पाहिलं आणि आत प्रयत्न चाललेत एवढंच म्हणाले.

सुदीपचा फोन आला तेव्हा तो गाडीत होता, बातमी कळताच निघून अर्ध्या वाटेवरचं मद्दूर ओलांडून पुढं आला होता.

"अप्पा, आई बोलते का?"

"आत आहे. मला आत सोडत नाहीत."

"कुणाला तरी विचारा ना. सुम्ने, नुसतं बसून राहू नका."

"विचारतो."

ते उठले आणि त्यांनी अतिदक्षता विभागाचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. त्यांनी आणखी जोरानं वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग तळहातानं थापा मारल्या. आतून यंत्रांचा आवाज येत होता. रखवालदार आला. तो काही रागावला नाही. दंडाला हळूच धरून त्यानं त्यांना खुर्चीपर्यंत आणलं आणि बसवलं.