रूपसिंगचा फोटो

"मशीन उघडून नाही राह्यली, याडी," फोटो स्टुडिओवाला देवीलाल कॉम्प्युटरसमोरून म्हणाला.

मानीबाई बाकावरून उठली नाही. बंजारा तांड्यावरून ती जीपने दारव्ह्याला आली होती; तांड्यावर आईला म्हणतात तसं तोही तिला याडी म्हणे. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून तिचा मोठा मुलगा रूपसिंग गेला होता. तेरवीला ठेवायला त्याचा फोटो हवा होता. धाकट्याच्या लग्नाचे फोटो देवीलालनेच काढले होते.

"आधारकार्डावरचा हाये ना?"

"त्याच्यात तो रूपसिंग वाटतच नाही. लग्नात हसून राह्यला होता, तो दे."

देवीलालने तिला उद्याचा वायदा करून पाठवलं आणि दुरुस्तीवाल्या विक्कीला बोलावलं. पडद्यावर लाल चौकट होती. सगळ्या फोटोंना कुलूप लागलं होतं. उघडायचं तर पैसे पाठवा, असं इंग्रजीत लिहिलेलं.

"काका, अपडेट बंद करून ठेवले होते काय?"

"मशीन हळू चाले त्याच्यानं. लग्नसराईत कोण थांबते?"

"याचा बंदोबस्त त्या अपडेटमंधीच होता. आता पैसे देले तरी भरोसा नाही. सारं पुसून नव्यानं टाका लागते. दुसरीकडं कुठी ठेवले होते फोटो?"

"नाही."

देवीलालने पडद्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "पूस."

मानीबाईकडच्यांनी अल्बम केला नव्हता, पण नवरीकडच्यांनी केला होता. सकाळी दुकान न उघडता तो पुसदची जीप धरून त्यांच्या घरी गेला. अल्बममध्ये रूपसिंग एकाच फोटोत सापडला. पंगतीत वरणाची बादली घेऊन, कुणाकडे तरी बघून हसणारा. देवीलालने अल्बम उन्हात नेला आणि त्या फोटोचा फोटो घेतला.

परत आला तेव्हा विक्कीने मशीन नव्याने तयार करून आणली होती. चालू करताच तिने अपडेट मागितले. बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी घाई करत होतं. "थांबा लागते," देवीलाल म्हणाला. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. तो पडद्यासमोर बसून राहिला. सगळं पुरं झाल्यावरच त्याने रूपसिंगचा चेहरा मोठा केला.

फ्रेम घेऊन तो स्वतःच तांड्यावर गेला. मानीबाईने ती पदराने पुसली, पुन्हा पुसली.

"हाच हाये," ती म्हणाली. मग त्याला चहा देत विचारलं, "तुह्या दुकानात साऱ्यायचे फोटो दिसले. तुह्या घरवालीचा नाही दिसला. काहून?"

"त्याच मशीनमंधी होते, याडी. वर्षा गेली तवापासून छापीन छापीन म्हणत राह्यलो."

"एकही नाही उरला?"

"लोकायच्या लग्नात मी जायचो. ती घरीच राहे. तिचा फोटो कोणाच्या अल्बममंधी असन?"

मानीबाई त्याच्या समोर जमिनीवर बसली. "कशी दिसे?"

देवीलालने कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"हसली का डोळे मिटे," तो म्हणाला. "हरेक फोटो दुसऱ्यांदा काढा लागे."