मंडईतला फोटो

केराबाई मुकादमाच्या स्टुलावर चढली, खिळ्यावरचा काचेचा फोटो दोन्ही हातांनी उतरवला आणि टोपलीत मेथीच्या जुड्यांवर ठेवला. मंडईतल्या बायका भाजीवर पाणी शिंपडायच्या थांबल्या.

सिद्धलिंगप्पा मुकादम धावत आला.

"काय करतीस? ठेव तो जाग्यावर."

"माजा हाय."

"फोटो मंडईचा हाय."

फोटोत नवी कोरी दगडी मंडई होती आणि मधल्या ओट्यावर भाजीच्या राशीमागे केराबाई. उघड्या मैदानात बाजार भरायचा तेव्हापासून ती त्याच जागेवर बसायची. मंडई उभी राहिली, बडा साहेब यायचा ठरला, तेव्हा मुकादमानंच तिला नेऊन तिथं बसवलं. साहेब येऊन गेला, फोटो निघाला. दुसऱ्या सकाळी ती कुंभारीहून चालत आली, तर ओट्यावर मुकादमाची मेहुणी दाक्षायणी वांगी मांडून बसलेली. तेव्हापासून कितीतरी उन्हाळे केराबाईनं फाटकाबाहेर काढले. काल एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं होतं, आतल्या फोटोतली बाई तुमची बहीण का?

"मला भाईर घातलं आनि माजं तोंड हितं टांगलं," ती म्हणाली. आवाज न चढवता तिनं टोपली कमरेवर घेतली. "येनाऱ्या-जानाऱ्याला दावायला. आता माजं तोंड माज्यासंगं ऱ्हाईल."

"जागाच न्हाय, तर मी कुटनं देऊ?"

"मागितली का मी?"

मुकादमानं टोपलीला हात घातला. तिनं सोडली नाही. ओढाताणीत टोपली कलंडली, मेथी फरशीवर पसरली आणि फोटोची काच फुटली. बायकांनी माना खाली घातल्या.

दाक्षायणी ओट्यावरून उतरली. फुटक्या काचांतून तिनं जुड्या एकेक वेचल्या, पदरात घेतल्या. आपली वांगी एका अंगाला सारून मोकळ्या झालेल्या जागेत तिनं मेथी मांडली.

"बा," ती केराबाईला कानडीत 'ये' म्हणाली आणि शेजारच्या दगडावर हात थोपटला.

"दाक्षायणी," मुकादम म्हणाला.

"दाजी, गिऱ्हाईक खोळंबलंय की."

केराबाई त्या अर्ध्या ओट्याकडं बघत राहिली. ओटा सबंध तिचा होता. भांडायला ती घरूनच शब्द जुळवत आली होती. त्यातला एकही आता उपयोगाचा नव्हता. अखेर फुटक्या काचेचा फोटो उचलून ती ओट्यावर चढली आणि दाक्षायणीकडं पाठ करून बसली.

ऊन वर आलं तरी दोघी आपापलं गिऱ्हाईक बघत होत्या, केराबाईची पाठ तशीच. गिरणीतल्या कुणाची तरी बायको पिशवी घेऊन तिच्यासमोर थांबली.

"वांगी हायती का, मावशी?"

"मागं इचारा," केराबाई मान न वळवता म्हणाली. आणि थोड्या वेळानं, तितक्याच रागात, "आजची तोडल्याली हायती."